मजुरी नको, लाकूड द्या

आमच्या नंदुरबारच्या घरापुढे वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे सरकला, की घरातील वडीलधाऱ्यांपासून दारावरच्या भाजीवाल्यापर्यंत सर्वांना त्याच्याच सावलीचा आधार. दहा वर्षांपूर्वी घरात मंगलकार्य ठरले. मांडवाला फांद्यांची अडचण होईल म्हणून मी एका लाकूडतोड्यास बोलावले. तो वर पाहत म्हणाला, "साहेब, मजुरी नको, लाकूड तेवढं मला द्या." फुकटात काम होते आहे, या आनंदात मी होकार दिला.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मी एक प्रश्न नेहमी विचारीत असे : या व्यवहारात मध्यस्थाचा लाभ कशात आहे? त्या दिवशी तोच प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्याचा मोबदला कापलेल्या लाकडात आहे, तो कमी का कापील? संध्याकाळी अंगणात खोड आणि चार बोडके खुंट तेवढे उरले.

पावसाळ्यात त्या खुंटांवर दाट फुटवे आले, तेव्हा झाड बचावले असे समजून आम्ही निश्चिंत झालो. गेल्या वर्षी मे महिन्यातील वादळात त्यांतलाच मांडीएवढा जाड फुटवा सांध्यातून निखळला आणि ओट्यावर कोसळला. शेजारचा नातू रोज त्या वेळी तेथे खेळत असे. त्याची आजी नुकतीच त्याला आत घेऊन गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी घरातील सर्वांचे एकच म्हणणे पडले, झाड मुळापासून काढून टाकावे.

तत्पूर्वी एका स्नेह्याच्या सांगण्यावरून शहादा तालुक्यातील एका तरुणास बोलावले. वनशास्त्राचा पदवीधर, काही वर्षे पुण्यात झाडांच्या निगराणीचे काम केलेला. त्याने तासभर झाडाला प्रदक्षिणाच घातली. लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकला, मुळांजवळची माती उकरून पाहिली आणि मग बोलू लागला.

त्याचे सांगणे असे : पाने ही झाडाची मिळकत आणि खोडामुळांत साठलेले पिष्ट ही त्याची गंगाजळी. शेंडा सपासप छाटला की मिळकत एकाएकी थांबते आणि झाड गंगाजळी मोडून घाईघाईने फुटवे काढते. मूळच्या फांदीचा सांधा वर्षानुवर्षे खोडाच्या थरांत गुंफत गेलेला असतो. हे फुटवे मात्र वरवरच्या थरालाच धरून असतात, आणि त्यांच्या खालचा उघडा खुंट कुजत असतो. म्हणून बोडके केलेले झाड काही वर्षांनी पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचे होते.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ॲलेक्स शिगो (१९३०–२००६) या अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने चिरून आतील कूज तपासली. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती तटबंदी उभारून कूज आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, असे त्यांनी दाखवून दिले. बुडीत कर्ज वेगळे काढून, तरतूद करून बाकीचा व्यवहार सांभाळण्यासारखेच हे. फांदी खोडाला मिळते तेथे फुगीर कडे असते. तटबंदीची शक्ती तेथेच. काप त्या कड्याला लागून, पण त्याच्या बाहेर घ्यावा. कडे छिलू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. कापावर डांबर वा रंग फासल्याने कूज थांबत नाही.

तरुणाने दोर बांधून, शिरस्त्राण घालून चढून, वाळलेल्या दोन आणि कमकुवत तीन फांद्या तेवढ्या उतरवल्या. खाली लाकडाची लहानशी मोळी आणि हातात ४,५०० रुपयांचे बिल. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढंच कापलं?" तो हसून म्हणाला, "काकू, पैसे ठेवलेल्या फांद्यांचे आहेत."

आपल्या अनेक मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र असते. भुकेले सहा वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. एक मुळावर घाव घालू पाहतो, दुसरा मोठ्या फांद्यांवर. सहावा मात्र गळून पडलेली फळे वेचतो. भूक सर्वांची सारखीच, भेद तो हिंसेच्या मात्रेचा. आपल्या सातपुड्यातही मोहाची फुले पहाटे झाडाखालीच वेचली जातात. घराजवळच्या झाडाबाबत आपणही हाच प्रश्न विचारावा : कमीत कमी किती कापल्याने काम भागेल?

काही सूचना व्यवहाराच्या. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून अधिक पालवी काढू नये. छाटणी थंडी सरताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी आणि आधी घरटी पाहावीत. जड फांदी कापताना प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून खाच घ्यावी, मग किंचित पुढे वरून कापावे आणि शेवटी उरलेला खुंट कड्याजवळ काढावा; म्हणजे साल सोलली जात नाही. खोडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी. फरशी, काँक्रीट, भरावाचा ढीग नको. फलकांचे खिळे आणि घट्ट तारा नकोत. खोडावर अळंबी उगवली, दुबेळक्यात चीर दिसली किंवा पावसानंतर एका बाजूची जमीन उचलली गेली, तर तात्काळ जाणकारास दाखवावे. विजेच्या तारांजवळचे काम महावितरणकडून पुरवठा बंद करवूनच व्हावे.

कायदाही ध्यानात असावा. नागरी भागात १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यानुसार 'झाड तोडणे' या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. जागा स्वतःच्या मालकीची असली, तरी नगरपरिषदेची लेखी परवानगी आधी घ्यावी. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

आपल्या घरांतील मुलामुलींसाठी यात एक व्यवसायही आहे. दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी घेता येते. १९२४ साली स्थापन झालेली 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर' ही संस्था अनुभवी उमेदवारांची परीक्षा घेऊन वृक्षतज्ज्ञाचे प्रमाणपत्र देते. भांडवल म्हणजे दोर, करवती, शिरस्त्राण, विमा आणि अभ्यास. झाडावर लीलया चढणारे तरुण सातपुड्याच्या पायथ्याशी आहेतच. त्यांना शास्त्राची व हिशेबाची जोड देणारा कोणी हवा.

फांदी पडली त्या जागी आता ओट्याचा कठडा दुरुस्त झाला आहे. शेजारचा नातू पुन्हा तेथे खेळतो. वारा सुटला की मी अजून वर पाहतो. आपल्या दारातील झाड येत्या माघ-फाल्गुनात एकदा तपासून घ्यावे. आणि कोणी "मजुरी नको, लाकूड द्या" म्हणाला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.