गुण हाच शेरा?

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांपुढे वरचेवर मार्गदर्शनपर व्याख्याने देणारे एक विद्वान गृहस्थ अलीकडे असा सिद्धांत मांडीत आहेत की, घटक चाचणीच्या किंवा सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर शिक्षकाने गुणांखेरीज काहीही लिहिण्याचे प्रयोजन नाही. गुण हाच शेरा होय. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: गुण वस्तुनिष्ठ असतात आणि शेरा लिहिणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असतो, पालकांची नजर प्रगतिपुस्तकातल्या आकड्यांवरच जाते, दहावीचे मंडळ गुणपत्रक देते, शेरे देत नाही, साठ-साठ मुलांच्या चार तुकड्या सांभाळणाऱ्या शिक्षकाला शेरे लिहायला सवड नसते, आणि सरकारने नोंदी लिहिण्याची सक्ती केली तेव्हा काय झाले हे सर्वांनी पाहिलेच आहे. व्याख्यानाअंती टाळ्या पडतात. रात्री अकरा वाजेपर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसणाऱ्या माणसाला त्याचे अर्धे काम अनावश्यक असल्याचे कोणी अधिकारवाणीने सांगितले, तर ते त्याला गोड लागणारच. परंतु हा सिद्धांत शाळेच्या मूळ कामावरच घाला घालणारा आहे, आणि म्हणून त्याचा परामर्श घेणे मला कर्तव्य वाटते.

पालकांचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: प्रगतिपुस्तकात आकड्यांवाचून दुसरे काही छापलेलेच नसेल, तर पालकांनी पाहावे तरी काय? मंडळाच्या दाखल्यालाही फारसे वजन नाही. मंडळ मुलाला ओळखत नाही, त्याला पुन्हा शिकवणार नाही, आणि त्याच्या उत्तरपत्रिकेवर त्याचे नावही नसते. त्याचे काम निवाड्याचे आहे, शिकवण्याचे नव्हे. जून महिन्यापासून ज्या मुलाचा चेहरा रोज समोर आहे त्याच्याशी शिक्षकाने परक्या परीक्षकासारखे वागावे, ही अपेक्षा करणाऱ्याने शाळा आणि परीक्षा केंद्र यांतला भेदच पुसून टाकला आहे.

खरा प्रश्न गुणांच्या वस्तुनिष्ठतेचा आहे, कारण या सिद्धांताचा सारा डोलारा त्याच एका खांबावर उभा आहे. स्टार्च आणि इलियट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९१२ साली इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक हायस्कुलांतील शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या गुणांत प्रचंड अंतर पडले. भाषा हा विषयच रुचीचा, असा आक्षेप लोकांनी घेतला. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठवली, आणि त्याच त्या कागदाला कोणी तिसाच्या आत तर कोणी नव्वदीच्या वर गुण दिले. वस्तुनिष्ठतेचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या भूमितीची ही कथा! आपल्याकडचे मंडळही गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची सोय ठेवते. आकडा चुकू शकतो ही त्याची रीतसर कबुलीच आहे. व्याख्याते मात्र आकड्याला वेदवाक्य मानतात.

लांब जायला नको. महाराष्ट्रातील दहावीच्या निकालाचे चार वर्षांचे आकडे पाहावेत. २०१८ साली ८९.४१ टक्के मुले उत्तीर्ण झाली. २०१९ साली हे प्रमाण एकदम ७७.१० टक्क्यांवर उतरले. २०२० साली ते ९५.३० टक्क्यांवर चढले, आणि २०२१ साली ९९.९५ टक्क्यांवर जाऊन पोचले. एका वर्षात महाराष्ट्रातल्या मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी मानणार आहे काय? २०१९ च्या तुकडीसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेतले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले. त्याच २०२० साली साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, आणि जो पेपर मुलांनी लिहिलाच नाही त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून त्यांच्या पदरात पडले. २०२१ साली तर मंडळाने लेखी परीक्षाच घेतली नाही. नववीचा निकाल, दहावीतले शाळेचे अंतर्गत काम आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांची विशिष्ट प्रमाणात बेरीज करून गुणपत्रके छापली गेली. मंडळाला मी दोष देत नाही. त्या प्रसंगी दुसरा मार्ग काढणे कठीणच होते. परंतु जो आकडा एका शासकीय निर्णयासरशी वर-खाली होतो, तो मुलाच्या ज्ञानाविषयी शेवटचा शब्द कसा ठरतो, याचे उत्तर गुणपूजकांनी द्यावे. आकडा योजनेविषयी जितके सांगतो तितके मुलाविषयी सांगत नाही. आणि चूक नेमकी कोठे झाली हे तर तो मुळीच सांगत नाही.

नववीच्या बीजगणितातले एक साधे उदाहरण घेऊ. ७ − २(क्ष − ३) = ५ हे समीकरण सोडवायचे आहे. मुलगी कंस सोडवताना ७ − २क्ष − ६ = ५ असे लिहिते; पुढच्या पायऱ्या बिनचूक करते आणि क्ष = −२ या उत्तराला दुहेरी अधोरेखा मारते. खरे उत्तर ४. तिच्या शेजारच्या मुलाला कंस म्हणजे काय हेच कळलेले नाही. त्याने पहिली ओळ प्रश्नपत्रिकेतून उतरवली, फळ्यावर कधीतरी पाहिलेल्या दोन ओळी पुढे जोडल्या आणि भलतेच उत्तर काढले. एखादा शिक्षक दोघांनाही तीनपैकी एकच गुण देईल, आणि त्याच्यावर अन्यायाचा आरोप करता येणार नाही. पण या दोन मुलांना उद्या वर्गात सांगायच्या गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. त्या मुलीच्या दुसऱ्या ओळीतल्या सहाभोवती लहानसे वर्तुळ काढून ‘कंसाबाहेरचे उणे चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लागते, पुढचे सर्व बरोबर’ एवढे लिहिले की तिचा दोष कायमचा दूर होण्याचा संभव आहे. नुसता ‘१’ पाहून तिची समजूत होईल की आपल्याला बीजगणितच येत नाही, आणि हा गैरसमज घेऊन ती दहावीत जाईल.

आता सक्तीच्या काळाचा अनुभव. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने आठवीपर्यंतच्या वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक आणि संकलित असे दोन भाग पडले, श्रेणी आली आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवण्याचे काम शिक्षकाच्या शिरावर आले. पुढे जे झाले ते शिक्षकखोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, ‘स्वतःच्या शब्दांत उत्तरे सांगतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’ अशी वाक्ये हजेरीपटाच्या क्रमाने नोंदवहीत उतरू लागली, आणि वर्षअखेरीस तपासणीसाठी त्या वह्या एका रात्रीत भरल्या गेल्या. व्याख्यात्यांनी यावरून निष्कर्ष काढला की शेरा हाच प्रकार निरर्थक आहे. या नोंदी कोणासाठी लिहिल्या जात होत्या, हे त्यांनी विचारले असते तर असा निष्कर्ष निघाला नसता. त्या मुलाला वाचायला मिळतच नव्हत्या! मुलगा चुकला तो उत्तरपत्रिकेत, आणि नोंद गेली दफ्तरात. तपासनीसाच्या समाधानासाठी भरलेला तक्ता फसला म्हणून मुलासाठी लिहिलेली ओळही त्याज्य ठरवणे, हा कोणत्या न्यायशास्त्राचा नियम आहे?

हा वाद काही आजचा नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने बाह्य परीक्षांचे प्रस्थ कमी करावे, शाळेत ठेवलेल्या मुलाच्या कामगिरीच्या नोंदींना अंतिम मूल्यमापनात स्थान द्यावे, आकड्यांऐवजी श्रेणी वापरावी, अशा शिफारशी केल्या होत्या. त्या वेळीही शाळांच्या नोंदींवर विश्वास कोण ठेवणार, असे म्हणणारे अनेकजण होते. शिक्षकावर अविश्वास दाखवायचा, त्या अविश्वासापोटी त्याच्या हातून आकड्याखेरीज सर्व काढून घ्यायचे, आणि मग त्याला आकड्यापलीकडे काही लिहिता येत नाही म्हणून त्याचीच हेटाळणी करायची, हे चक्र तेव्हापासून फिरते आहे.

मग करावे काय? माझी मागणी अल्प आहे. प्रत्येक प्रश्नाखाली परिच्छेद लिहावा असे मी म्हणत नाही. दोनशे चाळीस उत्तरपत्रिकांपुढे ते अशक्य आहे, आणि सवडीची अडचण हा त्या व्याख्यानातला एकमेव खरा मुद्दा आहे. प्रत्येक उत्तरपत्रिकेत एकच चूक निवडावी, सुधारली असता सर्वाधिक लाभ होईल अशी, आणि ती चुकीच्या जागीच, एका ओळीत दाखवावी. निम्म्या वर्गाची चूक सारखीच असेल तर ती फळ्यावर सोडवून दाखवावी. मुलांनी तेवढाच भाग पुन्हा लिहून आणावा, आणि त्यानंतरच गुण सांगावेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाचवी-सहावीतल्या ज्या मुलांना केवळ शेरा मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले, पण ज्यांना गुण आणि शेरा एकत्र मिळाले त्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा पाहते, हे शिकवणाऱ्याला निराळे सांगायला नको.

यासाठी दोन तास लागतात, आणि ते वेळापत्रकात कोठेच नाहीत. चाचणीच्या दिवसाची नोंद असते, गुण कार्यालयात देण्याची अखेरची तारीख असते. उत्तरपत्रिका मात्र एका तासापुरत्या मुलांच्या हाती फिरतात आणि पुन्हा कपाटात जातात. वर्षाकाठी एक चाचणी कमी करून मुख्याध्यापकांनी ते दोन तास विषयशिक्षकाला द्यावेत, आणि दुरुस्त केलेली उत्तरपत्रिका मुलाबरोबर घरी जाऊ द्यावी. पालकांच्या तक्रारी येतील, या भीतीने ती कपाटात कोंडून ठेवण्याचे कारण नाही. ज्या शिक्षकाने चूक नेमकी दाखवली आहे, त्याच्यापाशी तक्रारीला उत्तर असते.