एकावन्नावी विद्यार्थिनी

आमचें केळझर हेंच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी येथील जुनी समजूत आहे. बकासुरास गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पोंचविण्याची पाळी घरोघर येई, ती याच गांवांत, असें जुनीं माणसें सांगतात. लहानपणीं ही कथा ऐकतांना आमचें सारें लक्ष भीमाकडे असे. आतां उतारवयांत त्या करारांतील कलमें डोळ्यांपुढें येतात. घर भरलेलें असो कीं रिकामें, पाळी आली कीं गाडा सारखाच! हा विचार सुचण्यास कारण झाला आमचा पुतण्या.

हा पुतण्या वर्ध्यास एका विनाअनुदानित शाळेंत गणित शिकवीत असे. पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाहीं. तीन वर्षांपूर्वीं ती नोकरी सोडून त्यानें घरच्या माडीवर दहावीची शिकवणी काढली. ही शिकवणी पडद्यावरची आहे. सेलू, देवळी, हिंगणघाट इकडील मुलें आपापल्या घरीं मोबाइल समोर ठेवून बसतात, आणि हा माडीवरील फळ्यावर उदाहरणें सोडवून दाखवितो. धडे, परीक्षा, हजेरी, फीचा हिशेब हें सर्व ज्यावर चालतें ती जागा मात्र दुसऱ्याची आहे. तीस तो ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतो. रेल्वेच्या प्लॅटफॉर्माशीं तिचें साम्य आम्हांस एवढेंच दिसलें कीं, नुसतें उभें राहण्याचेंही तिकीट पडतें.

गेल्या आषाढांत गांवांतील एक मजूर बाई आपल्या मुलीस घेऊन आमच्या ओसरीवर आली. मुलगी हुशार, नववीला गणितांत पहिली. बाई म्हणाली, “अर्धी फी देतों, मास्तर. घ्या हिला.” पुतण्यानें मान खालीं घालून नकार दिला. आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. फीपायीं मूल परत पाठविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही त्यास बरेंच बोललों. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, रागवा, पण आधीं ही वही पाहा.”

वहींतील हिशेब असा. फी महिना ५०० रुपये, वर्षाचे महिने दहा. म्हणजे मुलामागें ५,००० रुपये. मुलें बरोबर ५०. प्लॅटफॉर्मचा आकार पन्नास मुलांपर्यंत वर्षास २४,००० रुपये आणि एकावन्नापासून दीडशेंपर्यंत ४२,०००. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर निराळा. पुतण्याची उलाढाल वीस लाखांच्या आंत असल्यानें तो त्या करासाठीं नोंदलेला नाहीं, व म्हणून भरलेला कर त्यास वळता करून घेतां येत नाहीं. तेव्हां ही एक मुलगी घेतांच खर्च १८,००० आणि त्यावरील कर ३,२४०, मिळून २१,२४० रुपयांनीं वाढणार, आणि ती देणार २,५००. पुरी फी देणारीं आणखी चार मुलें आलीं तरच ही पायरी भरून निघे. आमचा राग तेथेंच ओसरला.

मग आम्हीही पेन्सिल घेतली. दुसरी एक कंपनी ठराविक आकार कांहींच घेत नाहीं. जमलेल्या फीचा शेंकडा १० हिस्सा घेते. शेतीच्या भाषेंत पहिली रीत ठेक्याची, दुसरी बटईची. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापूस खाल्ला, तेव्हां ठेक्याच्या पैशांस अळी लागली नाहीं. बटईवाल्याबरोबर मालकासही बसावें लागलें. त्याच न्यायानें मांडून पाहिलें. कर दोहोंवर सारखाच, म्हणून तो बाजूस ठेविला. अठ्ठेचाळीस मुलांस ठेका व बटई सारखीच पडते. त्याहून कमी मुलें असल्यास बटई बरी. एकोणपन्नास आणि पन्नास या दोनच संख्यांस ठेका किंचित् स्वस्त. एकावन्नापासून त्र्यांशीपर्यंत पुन्हां बटई बरी. चौऱ्याऐंशीस बरोबरी आणि पुढें ठेका. पुतण्या नेमका त्या दोन बोटें रुंदीच्या पायरीवर उभा होता, आणि तेथून हलण्यास भीत होता.

तथापि बटईंतही एक मेख आहे. हिस्सा द्यावयाचा तो कशाबद्दल? मुलें कोणीं आणलीं? अमेरिकेंतील युडेमी या शिकवण्यांच्या बाजाराचा ठराव या बाबतींत बोलका आहे. शिक्षकानें आपल्या स्वतःच्या दुव्यावरून गिऱ्हाईक आणल्यास विक्रीचे शेंकडा ९७ त्यास मिळतात. बाजारानें आणल्यास ३७. पुतण्याचीं पन्नासही मुलें आईबापांच्या तोंडोतोंडीं आलेलीं. कंपनीनें एकही आणलें नाहीं. शिवाय वांटा ठरविणारा आणि बदलणाराही मालकच! त्याच युडेमीनें वर्गणीदारांच्या उत्पन्नांतील शिक्षकांचा वांटा २०२३ मधील शेंकडा २५ वरून २०२४ सालीं २०, २०२५ सालीं साडेसतरा व २०२६ सालीं १५ असा खालीं आणला. बटईंत फी आधीं कंपनीच्या हातीं जाते. ठेक्यांत पुतण्या ती यूपीआयनें थेट आपल्या खात्यांत घेतो, आणि त्यावरील व्यापारी शुल्क सरकारनें जानेवारी २०२० पासून शून्य केलेलें आहे.

हें चाललें असतां सौभाग्यवती सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, आणि आपण त्याच्याकडून चौथाई कशावर घेतों?”

आमच्या एकत्र कुटुंबाचा नियम असा कीं, मिळवत्यानें प्राप्तीचा चौथा हिस्सा सामाईक खर्चास द्यावा. पगारी माणसांस तो ठीक होता. पुतण्याची प्राप्ति आम्ही अडीच लाख समजून ६२,५०० रुपये घेत आलों. त्यांतून प्लॅटफॉर्मचे कर धरून २८,३२० आणि इंटरनेट, वीज व वह्या तपासणारा मदतनीस यांचे ४१,६८० वजा जातां त्याच्या हातीं १,८०,००० च उरत होते. त्याचा चौथा हिस्सा ४५,०००. वर्षाला १७,५०० रुपये आम्ही जास्त घेत होतों, आणि तो संकोचानें बोलला नाहीं. त्याची बायको बोलली असती, तर आम्हांस तें रुचलें नसतें, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

चौथाई आतां उरलेल्या रकमेवर घ्यावयाची असें ठरलें. तीन वर्षांचें जास्त घेतलेलें त्यास परत करावें असें आम्हीं सुचविलें. थोरले बंधू अद्याप विचार करीत आहेत. ठेक्याचे पैसे जूनमध्येंच भरलेले, ते परत मिळत नाहींत. म्हणून येत्या जूनपासून बटई घ्यावी आणि मुलें चौऱ्याऐंशीवर गेलीं कीं पुन्हां ठेका पाहावा, असा त्याचा बेत आहे. सर्व मुलांचीं नांवें व पत्ते मात्र स्वतःच्या वहींत उतरून ठेवण्यास आम्हीं त्यास बसविलें.

ती मुलगी गांवांतलीच. रोज सायंकाळीं सहा वाजतां ती माडीवर येऊन फळ्यासमोर प्रत्यक्ष बसते. प्लॅटफॉर्मवर तिचें नांव नाहीं. म्हणून तेथील परीक्षा आणि साठविलेले धडे तिला मिळत नाहींत. तिच्या उत्तरपत्रिका आम्ही तपासतों. भूमितींत ती आकृति काढण्याचा कंटाळा करते.