पुड्यांना पाणी, माणसाला नाही



तेंदूचा हंगाम तोंडावर आला. गावोगाव दराच्या सभा चालू आहेत. शंभर पुड्यांना किती, बोनस किती, पैसे खात्यात की हातात, सगळ्यावर भांडण होतं आणि व्हायलाच पाहिजे. पण मी यंदा पाच गावच्या सभांना बसलो. पाचही ठिकाणी एक शब्द कोणी काढला नाही. तो शब्द म्हणजे पाणी.

दोन वर्षांआधी माझा काका फळीवर बोद भरायला होता. पुडे वाळवायला फळी उघड्या रानात लागते, झाडाची सावली पडली तर पान काळं पडतं म्हणतात. वाळलेला पत्ता पोत्यात भरताना मोडू नये म्हणून आधी त्यावर पाणी शिंपावं लागतं. त्यासाठी कंत्राटदाराने टँकर लावला होता, ड्रम भरून ठेवले होते. माणसांसाठी एक रांजण, तोही अकरा वाजता कोरडा. ड्रमचं पाणी प्यायला मागितलं तर दिवाणजी म्हणाला, "ते पानाचं हाय."

दुपारी दोनच्या सुमारास काका बडबडायला लागला. मेलेल्या बैलाचं नाव घेऊन हाका मारत होता. लोक हसले. सकाळीच घेतली वाटते, म्हणाले. त्याने थेंब घेतला नव्हता. मग उलटी झाली, मग पडला. अंग तव्यासारखं, पण घाम येत होता. घाम फुटला म्हणजे ताप उतरतो, असं आम्हाला वाटलं. कोणीतरी घोंगडी टाकली अंगावर. ट्रॅक्टर यायला तास गेला, दवाखान्यात पोचायला अजून एक. ड्रम वीस पावलांवर उभे होते. एक बादली कोणी त्याच्या अंगावर ओतली नाही. मी बारावी शिकलेला, मीही तिथेच उभा होतो.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. बंदुकीची गोळी लागली तरी शेवटी हृदयक्रियाच बंद पडते ना?

काका गेल्यावर दिवाणजी मला समजावत होता, "तुम्हा लोकाईले उनाची सवय असते, त्याचं नशीबच तेवढं." ही सवयीची गोष्ट मी साहेबाच्या तोंडून ऐकली, गार्डच्या तोंडून ऐकली, आणि शरमेची गोष्ट म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडूनही ऐकतो. आदिवासीला ऊन लागत नाही म्हणे. आपणच छाती फुगवून सांगतो आणि कंत्राटदार मनात हसतो, कारण या एका वाक्यात त्याचा मंडपाचा आणि रांजणांचा खर्च वाचतो.

सवय खोटी नाही. पण ती कशी लागते ते समजून घ्या. रोज थोडं थोडं उन्हात काम वाढवत नेलं तर आठ-पंधरा दिवसांत शरीर शिकतं, घाम लवकर आणि जास्त सोडतं. तेंदूचा हंगामच मुळी पंधरा दिवसांचा. शरीर शिकेपर्यंत फळी उठलेली असते. म्हणून पहिले चार दिवस सगळ्यात वाईट, आणि त्याच चार दिवसांत आपण मेल्यागत काम करतो, कारण पान कोवळं असतं. आणि घाम जास्त म्हणजे पाणीही जास्त लागतं. सवय झालेला माणूस पाण्यावाचून चालतो, हे उंटाबद्दल बोला, माणसाबद्दल नको.

आपल्या आज्या-पणज्यांना खरी सवय होती ती उन्हाची नाही, उन्हापासून बाजूला होण्याची. पहाटे रानात, ऊन चढलं की घरी. अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. कमरेला तुंबा, तुंब्यात जावा नाहीतर आंबील. दुपारी कोणी कोणाला हाक मारत नसे. मोह वेचताना आंब्याखाली, जांभळाखाली बसता येत होतं. 1974 साली वनविकास महामंडळ झालं, आणि जिथे त्यांचे कूप पडले तिथला मिसळ जंगल साफ होऊन साग उभा राहिला. सागाचं आम्हाला वैर नाही, पण ऐन एप्रिलमध्ये सागाखाली उभं राहून बघा, पानच नसतं. ज्यांनी सावली तोडली तेच म्हणतात तुम्हाला सवय आहे.

आणि रेडिओवर चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 46 सांगतात तो सावलीत, पेटीत ठेवलेल्या पाऱ्याचा आकडा असतो. उघड्या फळीवर वाकलेल्या पाठीवर त्याहून किती जास्त बसत असेल? अहमदाबाद शहराने 2010 च्या उन्हाळ्यात माणसं मेल्यावर 2013 पासून उन्हाचा आराखडा केला. शहराला आराखडा आहे. फळीला नाही.

आता कडू बोलतो. आधी फळी कंत्राटदाराची होती, तेव्हा शिव्या द्यायला तो होता. आज पेसा आहे, 2006 चा वनहक्क कायदा आहे, तेंदू आपल्या मालकीचा आहे, आपल्या कित्येक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. करारनाम्यावर सही आपल्या अध्यक्षाची. मग त्या कागदात पाणी का नाही? कंत्राटदार विसरणारच. आपण कसे विसरलो? रोजगार हमीच्या कामावर तर कायद्यानेच प्यायचं पाणी, लेकरांना सावली, विसावा आणि औषधाची पेटी द्यावी लागते. सरकारी मातीकामाला जे लागू, ते आपल्या स्वतःच्या मालकीच्या फळीला नको? जमीन आमची, जंगल आमचं, असं मोर्चात ओरडायचं आणि आपल्या जमिनीवर आपला माणूस तहानेने पाडायचा, हे मला तरी समजत नाही.

आता कामाचं. हे घरात बायामाणसांनाही वाचून दाखवा.

उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट पाहू नये. वीस मिनिटांनी एक गिलास, मोठा. नुसत्या पाण्याने भागत नाही, घामातून मीठ जातं, म्हणून आंबील, ताक, मीठ घातलेली पेज, कैरीचं पन्हं. नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी हळदीसारखी पिवळी झाली की समजा उशीर होत आहे. दारू नको, रात्रीचीही नको, ती पाणी बाहेर काढते. खिशातला कांदा असू द्या, पण तो पाण्याची जागा घेत नाही.

डोकं दुखणं, चक्कर, पायात गोळे, मळमळ, खूप घाम, ही पहिली पायरी. सावलीत निजवा, पाय थोडे वर, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. तासाभरात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी परत कामाला नाही.

माणूस वेड्यासारखं बोलला, तोल गेला, झटके आले, बेशुद्ध पडला आणि अंग भाजतंय, तर ती दुसरी पायरी. तिथे घाम आहे की नाही हे बघत बसू नका. आम्ही बघत बसलो. पहिल्या अर्ध्या तासावर जीव असतो. दवाखान्याची गाडी बोलवा, पण गाडीची वाट पाहत थांबू नका. कपडे काढा, लाजू नका. सापडेल ते पाणी सगळ्या अंगावर ओता, पानाचं असो की बैलाचं. चौघांनी दुपट्ट्याने, सुपाने वारा घाला. ओले फडके मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, छातीत जाईल; कुशीवर वळवा. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही. घोंगडी तर अजिबात नाही. गाडीतसुद्धा ओतणं चालू ठेवा. पुजाऱ्याला बोलवायचं तर बोलवा, माझा विरोध नाही, तोही ओतू लागेल.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या ताप काट्याने मोजायला लावा आणि वेळेसह कागदावर लिहून घ्या. ऊन लागलं असेल तर उष्माघात लिहा म्हणावं. लिहिलं नाही तर आपली माणसं मोजलीच जात नाहीत.

करारनामा व्हायच्या आधी ग्रामसभेचा ठराव घ्या: दर माणशी प्यायचं पाणी, फळीच्या कडेला जांभळीचा मांडव, दुपारी बारा ते चार बोदभराई बंद, पलटणी पहाटे, दुपारच्या सुट्टीची रोजी कापायची नाही, मीठ-साखरेच्या पुड्या आणि एक ताप मोजायचा काटा. कंत्राटदार कबूल नसेल तर त्याला पान नाही. आणि पहिल्या दिवशी सकाळी रांजण भरले की नाही हे कोण बघणार, त्या दोघांची नावं ठरावातच लिहा, त्यात एक बाई असू द्या. आमच्या गावात एक नाव माझं लिहिलं आहे, दुसरं काकूचं.