शेजाऱ्याच्या मिळकतीचा आकडा

दीपावलीच्या चार दिवसांत शेजारी जितका जवळून दिसतो तितका तो एरवी वर्षभरात दिसत नाही. फराळाचे ताट रिकामे परत पाठवू नये हा आपल्याकडचा जुना दंडक असल्यामुळे, त्याच ताटातून उलट आलेल्या करंजीच्या मुरडीवरून आणि अनारशाच्या जाळीवरून शेजारच्या घरातल्या हाताची, तुपाची आणि क्वचित यंदाच्या ओढगस्तीचीही वार्ता न सांगता आपल्यापर्यंत पोहोचते. नवी मोटार आणि नवा दागिनाही याच दिवसांत नजरेस पडतो. दुसऱ्याच्या ऐश्वर्याशी ताडून पाहिल्याने आपले समाधान कितपत उणावते, हा प्रश्न वाचकांपुढे मांडण्यास याहून उचित मुहूर्त आम्हांस दिसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर नॉर्वे देशाने अभावितपणेच देऊन ठेवले आहे. तेथे प्रत्येक करदात्याचे उत्पन्न, त्याची मत्ता आणि त्याने भरलेला कर यांची यादी कोणासही पाहता येण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. परंतु त्यासाठी दफ्तरात जाऊन पाने उलटावी लागत, आणि तेवढी तसदी बहुतेक लोक घेत नसत. २००१ साली वृत्तपत्रांनी त्या याद्या इंटरनेटवर आणल्या आणि घरबसल्या, कोणास न कळता, शेजाऱ्याची, मेव्हण्याची, वर्गमित्राची मिळकत पाहण्याची सोय झाली. परिचितांची उत्पन्नानुसार क्रमवारी लावून देणारी ॲपदेखील पुढे निघाली. रिकार्डो पेरेझ-ट्रूलिया या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ ते २०१३ या काळातील पाहण्यांच्या आधारे दाखवून दिले आहे की, या प्रकटीकरणानंतर सधन आणि निर्धन यांच्या सुखभावनेतील अंतर २९ टक्क्यांनी आणि जीवनविषयक समाधानातील अंतर २१ टक्क्यांनी रुंदावले. श्रीमंत व गरीब पूर्वीही होतेच. कोण कोणाच्या किती वर वा खाली आहे याचे ज्ञान तेवढे नवे होते, आणि ज्यांच्या पदरी आधीच कमी होते त्यांच्या मनास ते ज्ञान जाचू लागले.

यावरून मिळकत झाकून ठेवावी असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण आपल्या खेड्यांतही ती कधी झाकलेली नव्हती. कोणाच्या नावे किती हेक्टर, किती आर, हे तलाठ्याने सातबाऱ्यावरून चावडीवर मोठ्याने वाचावे आणि नोंद चुकली असेल तर खातेदाराने तिथल्या तिथे हरकत घ्यावी, असा चावडीवाचनाचा रिवाज आहे. परंतु त्याच उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजाही नोंदलेला असतो; वीस एकरांचा धनी कर्जात किती बुडाला आहे हे ऐकणाऱ्यास जमिनीच्या जोडीनेच कळते, आणि त्याच्या घरचे आजारपण किंवा वाटणीचा तंटा तर गावास आधीपासून ठाऊक असतो. असा समग्र ओळखीचा माणूस आपल्यापुढे गेलेला पाहून वाईट वाटले तरी त्या वाईट वाटण्यास काही धरबंध असतो. पडद्यावरील एकाकी आकड्याला, किंवा आज हातोहाती फिरणाऱ्या परदेशवारीच्या छायाचित्राला, असा बोजाचा रकाना नसतो, आणि आमच्या मते खरा अपाय होतो तो तिथे.

तथापि गरिबाने शेजाऱ्याकडे पाहू नये, आहे त्यात सुख मानावे, हा उपदेश बहुधा भरल्या घरातूनच होत आला आहे, आणि तो आम्हांस मुळीच मान्य नाही. आपल्या जोडीने तेच काम करणाऱ्यास अधिक वेतन मिळते हे ज्या कामकरी स्त्रीला कळते, तिला होणारे दुःख हा मत्सर नव्हे. तो तिच्यावरील अन्यायाचा पुरावा आहे, आणि तो हाती आल्यावाचून तिने दाद मागावी तरी कोणत्या आधारावर? याद्यांना कुलूप घातल्याने सर्वांत मोठी सोय होईल ती अपुरे वेतन देणाऱ्या मालकाची.

नॉर्वेने २०१४ साली याद्या बंद न करता एवढीच दुरुस्ती केली की, ज्याची मिळकत पाहिली जाईल त्यास पाहणाऱ्याचे नाव कळावे. शोधांची संख्या तत्काळ कमालीची घटली. शेजाऱ्याची मिळकत पाहण्याचा हक्क तेथे आजही शाबूत आहे; मात्र ज्यास तो बजावायचा असेल त्याला शेजाऱ्यास आपले नाव कळू द्यावे लागते.