देव पाण्यात

अमुक आमदार मंत्रिपदासाठी देव पाण्यात घालून बसलेत, असं आपण पेपरात वाचतो आणि हसतो. डोंबिवलीच्या आमच्या घरात मात्र मी देव खरोखरच पाण्यात पाहिले आहेत.

४ एप्रिल २०१३, गुरुवार. संध्याकाळी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली सात मजली बेकायदा इमारत कोसळली. वर आठव्या मजल्याचं काम चालू आणि खाली माणसं राहायलाही आलेली! आमच्याकडे लाद्या बसवणारा मिस्त्री त्याच भागात राहायचा. त्याचा फोन लागेना. आईने टीव्हीचा आवाज बंद केला, देव्हाऱ्यातले बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक असे सगळे उचलून पातेल्यात ठेवले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. “तो सुटेपर्यंत राहा असेच.” फूल नाही, नैवेद्य नाही.

हे देवाला ओलीस धरणंच झालं, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. मी म्हटलं, “अगं, तो मुसलमान. त्याच्या घरचे मागत असतीलच की दुवा.”

“मग बरंच आहे. दोन्हीकडून जोर लागेल.”

शुक्रवारभर टीव्हीवर तेच. सळ्या कापणारे गॅस कटर, स्लॅब उचलणाऱ्या क्रेन, एनडीआरएफचे जवान. ढिगाऱ्यातून एक तान्ही मुलगी जिवंत निघाली, तेव्हा आई पातेल्याशी जाऊन आली. काही बोलली नाही. पाणी थोडं कमी वाटलं असावं, आणखी ओतलं.

रात्री मिस्त्रीचाच फोन आला. “काकू, मोबाईल बंद पडला होता. मी इथंच आहे, डबर उचलतोय.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. “काढ आता देव बाहेर.”

“त्याचं झालं रे. आत अजून माणसं आहेत ना?”

सुमारे छत्तीस तासांनी एक बाई जिवंत सापडली. पुढे शनिवारी शोध थांबला. मृतांचा आकडा ७४ वर गेला होता.

संध्याकाळी आईने देव बाहेर काढले. टाक पटकन पुसून झाले. बाळकृष्णाच्या दुमडलेल्या गुडघ्यामागे पाणी अडकलं होतं, ते मात्र ती पदराच्या टोकाने कितीतरी वेळ टिपत बसली. त्या दिवशी निरांजन लावायचं राहिलं. मीही आठवण केली नाही.