धायरीत घर घेताना
धायरीचा उरलेला भाग २०१७च्या ऑक्टोबरात पुणे महापालिकेत आला. खडकवासला धरण इथून जवळच, तरी उन्हाळ्यात सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर दिसतातच. म्हणून फ्लॅट बघायला गेलात की टाइल्सच्या आधी गच्ची गाठा. पावसाचा पाइप गटारात सोडलाय की गाळणीतून बोअरवेलकडे वळवलाय, ते स्वतः खाली उतरून पाहा. पाऊसपाणी, सौरऊर्जा असे प्रकल्प चालू असतील तर मिळकतकरात सवलतही मिळते. भोगवटापत्राशिवाय ताबा घेऊ नका. गुंठ्यातलं स्वस्त घर तर वकिलाने सात-बारा तपासल्याशिवाय नकोच. बाल्कनीला ग्रिल जरूर लावा, पण त्यात आतून उघडणारी खिडकी ठेवा. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. तिची किल्ली शेजारीच खिळ्याला अडकवा आणि घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, एकदा उघडून बघायला लावा.