नातवाची पहिली मोटारसायकल

बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयातील प्रवेश पक्का होतो आणि एखाद्या संध्याकाळी नातू नेहमीपेक्षा जरा जवळ येऊन बसतो. आईने ‘बघू’ म्हटलेले असते, वडिलांनी हप्त्यांचा हिशेब पुढे केलेला असतो. आता सारी भिस्त आजी-आजोबांच्या मुदत ठेवीवर असते. अशा वेळी आपण प्रेमापोटी रक्कम देऊन मोकळे होतो, नाही तर धास्तीपोटी साफ नकार देतो. वाचकहो, ही दोन्ही टोके टाळावीत. पैसे देणाऱ्याच्या शब्दाला निवडीत वजन असते. ते वजन नातवाच्या सुरक्षिततेसाठी वापरणे हे वडीलधाऱ्यांचेच काम आहे.

प्रथम वयाचा विचार करावा. गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. बारावी झालेली अनेक मुले सतरा वर्षांचीच असतात. ‘कोपऱ्यापर्यंतच जातो’ या शब्दांना भुलून किल्ली देऊ नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर मालक आजोबाच ठरतात.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना मिळतो. त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवण्यास मुभा नाही. तेव्हा आजींनी देवळात जाण्यासाठी त्या महिन्यात तरी रिक्षाच करावी.

आता गाडीची निवड. कपडा जसा अंगाला बेतून घ्यावा, तशी पहिली गाडी शरीराला बेतून घ्यावी. दुकानात नातवासोबत आपणही जावे आणि त्याला रोजची पादत्राणे घालून गाडीवर बसण्यास सांगावे. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का? इंजिन बंद ठेवून, पायांनी रेटत गाडी मागे-पुढे नेता येते का? मधल्या स्टँडवर एकट्याने चढवता-उतरवता येते का? हँडल पूर्ण वळवल्यावरही क्लच आणि ब्रेक बोटांच्या आवाक्यात राहतात का? साधी १०० सीसीची गाडी सुमारे ११० ते ११५ किलोंची असते; ३५० सीसीच्या भारदस्त गाड्यांचे वजन १९० किलोंच्या आसपास जाते. नवशिक्याची गाडी भर वेगात जितकी पडते, त्याहून अधिक वेळा ती वळताना, थांबताना आणि चढावर तोल जाऊन पडते. त्या क्षणी ऐंशी किलोंचा फरक पायाच्या हाडाला सोसावा लागतो.

इंजिन १०० ते १२५ सीसीचे असले, तरी महाविद्यालयात जाण्यायेण्यास ते भरपूर आहे. अधिक शक्तीचा मोह वेगाकडे नेतो आणि वेगाचे गणित कठोर असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर मूल आडवे आल्याचे ध्यानात येऊन हात ब्रेककडे जाईपर्यंत हे अंतर कापून झालेले असते. शिवाय ६० च्या वेगात धडकेची ऊर्जा ४० च्या सव्वादोन पट असते. म्हणून पैसे वाढवायचेच असतील, तर ते इंजिनासाठी न वाढवता एबीएस ब्रेकसाठी वाढवावेत. अचानक ब्रेक दाबला असता चाक जागीच अडकून घसरू नये, अशी ही व्यवस्था आहे.

मागच्या आसनाकडेही पाहावे. काही गाड्यांचे मागचे आसन उंच आणि निमुळते असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढणेही कठीण. पुढे त्याच गाडीवरून आपण दवाखान्यात जाणार असाल, तर पकडण्यास कडी, पाय ठेवण्यास आधार आणि साडी वा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी आहे ना, हे पाहून घ्यावे.

हेल्मेट गाडीच्या आधी विकत घ्यावे, तेही दोन: एक चालवणाऱ्यासाठी, एक मागे बसणाऱ्यासाठी. त्यावर आयएसआयची खूण असावी. पट्टा बांधून डोके हलवले असता हेल्मेट डोक्यावर फिरू नये. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी बदलावे.

विम्यातील एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘मालक-चालक’ या नावाने मिळणारे वैयक्तिक अपघाताचे संरक्षण, गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्यापाशी वैध परवाना आहे, त्यालाच लागू होते. आजोबांच्या नावावरील गाडी चालवताना नातू जखमी झाला, तर त्या संरक्षणाचा त्याला उपयोग नाही. म्हणून नातू सज्ञान असेल, तर नोंदणी त्याच्याच नावाने करावी.

राहिला मुहूर्त. निकालानंतर घेतलेली गाडी बहुधा ऐन जूनमध्ये रस्त्यावर येते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि माती मिसळून निसरडा थर तयार होतो. नवशिक्या हातांसाठी याहून वाईट आरंभ नाही. पावसाळ्याच्या उघडिपीत नातवाने मोकळ्या मैदानावर एखाद्या जुन्या गाडीवर शिकावे, परवाना काढावा. दसऱ्याला नव्या गाडीला हार घालावा. तीन-चार महिन्यांचा हा धीर कोणत्याही सवलतीहून मोलाचा आहे.

गाडी घरी आल्यावर आपल्यालाही एक पथ्य पाळावे लागेल. नातू घराबाहेर पडला की दहाव्या मिनिटाला ‘पोहोचलास का?’ म्हणून फोन करण्याची आपली सवय असते. खिशात वाजणारा तो फोन रस्त्यावरचे त्याचे लक्ष विचलित करतो. पोहोचल्यावर त्यानेच फोन करावा, असे ठरवून घ्यावे आणि तोवर फोनला हात लावू नये.